मीठ, साखर आणि एकशे चाळीस वर्षं

ज्यांना एअरफोन लावायला वेळ नसतो किंवा लोकलमध्ये ज्यांचं नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना तोंडात येणारे 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी गोष्ट तीच.

आजची गोष्ट आहे ओआरएसच्या पुडीची. जुलाब झाले की मेडिकलमधून आणतो ना, तीच. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, दहावीनंतर जीवशास्त्राला रामराम ठोकलेला. पण या पुडीच्या मागे छापलेली यादी वाचली आणि एक प्रश्न डोक्यात बसला. यादीत आहे काय? मीठ, ग्लुकोज, पोटॅशियमचा एक क्षार, सायट्रेटचा एक क्षार. बस्स. एकही घटक असा नाही की जो शोधायला रॉकेट सायन्स लागावं. तरीही ही पुडी जगासमोर ठामपणे यायला १९७१ साल उजाडावं लागलं. त्याआधी दीडशे वर्षं कॉलऱ्याने जगभर लाखो माणसं नेली.

आपल्याकडे कॉलऱ्याला पटकी म्हणायचे. गावाच्या वेशीवर मरीआईचं ठाणं दिसतं ना, ती याच रोगाची देवी. वारीच्या वाटेवर, जत्रांमध्ये पटकी पसरायची आणि सकाळी धडधाकट असलेलं माणूस दिवस मावळेपर्यंत जायचं. आणि गंमत, खरं तर वाईट गंमत, ही की रोग्याच्या अंगातून नेमकं काय निघून जातंय ते १८३१ सालीच कळलं होतं. मग एकशे चाळीस वर्षं कुठे गेली?

आधी पाण्याचा नियम

इतिहासात शिरण्याआधी शरीराचा एक साधा नियम समजून घेऊ. तो कळला की पुढची सगळी गोष्ट आपोआप उलगडते.

काकडीच्या कोशिंबिरीत आधीच मीठ घातलं की काय होतं? पाणी सुटतं. बेदाणे साध्या पाण्यात टाकले की? टम्म फुगतात. दोन्हीकडे नियम एकच. पातळ पडद्याच्या ज्या बाजूला मीठ किंवा साखर जास्त विरघळलेली असते, त्या बाजूला पाणी जातं. पाण्याला स्वतःचं डोकं नाही, ते मिठाच्या मागे जातं.

प्राण्याच्या पेशीची पंचाईत इथेच आहे. वनस्पतीच्या पेशीभोवती भिंत असते, आपल्या पेशीभोवती नुसता नाजूक पडदा. रक्तातली तांबडी पेशी शुद्ध पाण्यात टाकली तर पाणी आत शिरून ती फुटते, घट्ट मिठाच्या पाण्यात टाकली तर आक्रसते. आणि पेशीकडे पाणी उचलून बाहेर फेकणारा पंप नाहीच! मग ती करते काय? मीठ हलवते. पेशीच्या पडद्यात एक यंत्रणा असते, ती दर फेरीला सोडियमचे तीन कण बाहेर टाकते आणि पोटॅशियमचे दोन आत घेते. त्यामुळे पेशीबाहेर सोडियम आतल्यापेक्षा साधारण दहापट असतं. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना शोधला. ते १९५७ साल होतं, आणि त्यांना नोबेल मिळालं १९९७ साली. आपल्या भाषेत सांगायचं तर हे बॅकग्राउंडला कायम चालू असलेलं प्रोसेस आहे. आपण झोपलो तरी ते चालू, आणि शरीराची बरीच बॅटरी तेच खातं.

हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर मूत्रपिंडं वापरतात. रोज साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर सोडतात. बाकीचं मीठ परत ओढून घेतलं जातं आणि त्याच्या मागोमाग पाणी परत येतं. आतड्याचंही तसंच. आपण दिवसाला दोनेक लिटर पितो, पण लाळ, पित्त, पाचक रस धरून लहान आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव येतो. जवळजवळ सगळा परत शोषला जातो, पेलाभरसुद्धा बाहेर जात नाही.

कॉलऱ्याचं विष नेमकं इथे घाव घालतं. आतड्याच्या पेशींतली क्लोराइडची दारं ते उघडी करून ठेवतं. क्लोराइड बाहेर, त्यामागे सोडियम, आणि या दोघांमागे पाणी. रोग जोरात असेल तर तासाला एक लिटरपर्यंत. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तच पाच लिटरच्या आसपास असतं, म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

१८३१: काय हरवलं ते कळलं

१८३१ च्या अखेरीस कॉलरा इंग्लंडच्या संडरलँड बंदरात पोचला. बावीस वर्षांचे एक आयरिश डॉक्टर, विल्यम ब्रूक ओशॉनेसी, तिथे गेले. त्यांनी रोग्यांचं रक्त तपासलं आणि सांगितलं, की रक्तातलं पाणी आणि क्षार फार मोठ्या प्रमाणात कमी झालेत, आणि जे बाहेर गेलंय ते सगळं मलात सापडतंय. उपाय? जे गेलं ते परत भरा.

त्या काळी इलाज काय चालायचे माहितीये? पाऱ्याचं कॅलोमेल, अफू आणि चक्क शीर कापून रक्त काढणं! ज्याच्या अंगातलं पाणी संपत आलंय त्याचंच रक्त काढायचं. अशा वेळी एका पोरसवदा डॉक्टरने 'भरा' म्हणणं ही मोठीच गोष्ट होती.

ओशॉनेसी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आले आणि भारतात तारयंत्र उभं करणारा माणूस म्हणून ओळखले गेले. कलकत्त्याहून आग्रा, मुंबई, मद्रासकडे तारा टाकण्याचं १८५० च्या दशकातलं काम त्यांच्याच देखरेखीखाली झालं.

१८३२: भरलं, पण थांबलं

ओशॉनेसींचं म्हणणं वाचून स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लाटा यांनी १८३२ च्या मे महिन्यात ते प्रत्यक्ष करून पाहिलं. रोगी होती एक म्हातारी बाई, अगदी शेवटच्या घटका मोजणारी. लाटांनी तिच्या शिरेत मिठाचं पाणी सोडायला सुरुवात केली. अर्ध्या तासात साधारण तीन लिटर. बुडालेली नाडी परत लागली, खोल गेलेले डोळे वर आले, हातापायांत ऊब आली. बाईंना बरं वाटू लागलं.

लाटा दमले होते. रोग्याला दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांवर सोपवून ते गेले. जुलाब पुन्हा सुरू झाले, पण शिरेतून पाणी देणं सुरू झालं नाही. साडेपाच तासांत बाई गेल्या.

इथे जरा थांबू या. उपाय चुकीचा होता का? नाही. गळकी टाकी एकदा भरून दिली, पण गळती चालूच होती. किती गेलं, किती भरलं, अजून किती जातंय, हा हिशोब ठेवणारं कुणी नव्हतं. शिवाय तेव्हा निर्जंतुक करणं म्हणजे काय ते माहीत नव्हतं, द्रावणाचं प्रमाण बरोबर नव्हतं आणि हा उपाय बहुतेक मरणाच्या दारातल्या रोग्यांवरच केला जायचा. लाटा पुढच्याच वर्षी वारले आणि त्यांची पद्धतही मागे पडली.

ती जोमाने परत आली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कलकत्त्यात. लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतून तीव्र मिठाचं पाणी द्यायला सुरुवात केली आणि तिथलं मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पण सलाइन म्हटलं की सुई हवी, बाटली हवी, निर्जंतुक पाणी हवं, शीर सापडवणारा माणूस हवा. कॉलरा होतो कुठे? जिथे यातलं काहीच नसतं तिथे.

मग तोंडावाटे का नाही?

साधा प्रश्न आहे ना? पाणी आणि मीठ कमी पडलंय तर पाजा की!

पाजून पाहिलं होतं. पण नुसतं मीठपाणी पाजलं तर रोगी आणखी जुलाब करायचा. त्यामुळे डॉक्टरांचं मत असं झालं होतं की कॉलऱ्यात आतड्याचं अस्तर सोलून निघतं, शोषण बंद पडतं आणि पाजण्यात अर्थ नाही. दिसत होतं ते याच्याशी जुळतही होतं.

एका डॉक्टरने तरीही पाजलं. कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चॅटर्जी. मीठ, ग्लुकोज आणि पाणी. १९५३ साली त्यांनी 'लॅन्सेट' या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की कॉलऱ्याचे १८६ रोगी आपण तोंडावाटे पाणी देऊन सांभाळले. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, किती गेलं आणि किती आत आलं याची मोजमापं नव्हती, आणि साखर का हवी याचं उत्तरही नव्हतं. जगाने लेख बाजूला ठेवला. सत्तर वर्षांनी वाचताना हळहळ वाटते, कारण उत्तर जवळपास पूर्णच त्या लेखात होतं.

'का'चं उत्तर मात्र वेगळ्याच खोलीत तयार होत होतं. १९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग शहरात एका वैज्ञानिक बैठकीत रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं, की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एकटं शिरत नाही, ते सोडियमसोबत शिरतं. पेशीच्या पडद्यात एक खास दार आहे. ते एकट्या सोडियमला उघडत नाही, एकट्या ग्लुकोजलाही उघडत नाही, दोघं जोडीने आले तरच आत घेतं. आणि दोघं आत गेले की? आपला नियम आठवा. पाणी मागोमाग.

त्याच सुमाराला कॉलऱ्याच्या अभ्यासातही दोन मोठ्या गोष्टी झाल्या. १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशांच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं, की जंतू नव्हे, जंतूने सोडलेलं विष पाणी बाहेर काढतं. आणि बँकॉकमध्ये रोग्यांच्या आतड्याचे बारीक नमुने तपासल्यावर कळलं की अस्तर शाबूत असतं! म्हणजे विष क्लोराइडची दारं उघडी ठेवतं, पण सोडियम-ग्लुकोजच्या दाराला हातही लावत नाही. घर लुटलं जातंय, पण मागचं दार चालू आहे.

प्रागमधले पेशीवाले आणि आशियातले कॉलरावाले एकमेकांचे लेख फारसे वाचत नव्हते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे चांगलं ओळखीचं आहे. दोन टीमकडे दोन अर्धे मॉड्यूल तयार असतात, दोन्ही आपापल्या जागी चालतात, आणि ती जोडायचं कुणाच्या मनातच येत नाही.

बरं, अर्धं जोडलं तर काय होतं? अमेरिकन नौदलाचे डॉक्टर रॉबर्ट फिलिप्स यांना १९६२ मध्ये फिलिपीन्समध्ये दिसलं, की ग्लुकोज घातलं तर कॉलऱ्याचा रोगी मीठपाणी शोषून घेतो. मोठा शोध! पण पुढच्या चाचणीतलं द्रावण फार तीव्र होतं आणि काही रोगी दगावले. प्रमाण जास्त झालं की तोच नियम उलटा फिरतो, आतड्यातली साखर अंगातलं पाणी ओढून घेते. फिलिप्स पुढे तोंडावाटेच्या उपचाराबद्दल फार सावध झाले.

१९६८: बादलीचा हिशोब

ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश हे दोन तरुण अमेरिकन डॉक्टर होते, सव्वीस-सत्तावीसचे, म्हणजे माझ्याच वयाचे. त्यांनी लाटांच्या म्हातारीचा प्रश्न सोडवला. तिथे कॉलऱ्याची खाट असायची, मध्ये भोक पाडलेली, खाली बादली. बादलीत किती जमलं ते मोजायचं आणि तेवढंच ग्लुकोज-मिठाचं पाणी रोग्याला पाजायचं. पुन्हा मोजायचं, पुन्हा पाजायचं. १९६८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं, की अशा पद्धतीने सलाइनची गरज ८० टक्क्यांनी कमी होते. कलकत्त्यातही त्याच काळात याच दिशेने काम चालू होतं.

सगळे तुकडे आता एका ठिकाणी आले. काय गेलं ते १८३१ पासून माहीत होतं. कुठल्या दाराने भरायचं ते १९६० ला कळलं. किती आणि कुठवर, ते १९६८ ला ठरलं. पण हे सगळं दवाखान्यात, मोजमापाखाली, तज्ज्ञांच्या देखरेखीत. डॉक्टर नसले तर हे जमेल का, हा प्रश्न उरला होता.

१९७१: बनगाव

उत्तर युद्धाने काढायला लावलं. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरच्या बनगावात पावसाळ्याच्या तोंडावर कॉलरा पसरला. कलकत्त्याच्या संशोधन केंद्रातले बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस तिथे पोचले, तेव्हा दोन खोल्या, सोळा खाटा, आणि जमिनीवरही रोगी. सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या.

महालनबीस यांनी निर्णय घेतला. सलाइन अगदी अत्यवस्थ रोग्यांसाठी राखायचं, बाकी सगळ्यांना पाजायचं. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यात वाचनालयाच्या खोलीत पावडर मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली, गरम इस्त्रीने तोंडं बंद केली. छावणीत ती ड्रममध्ये कालवली. आणि पाजलं कुणी? आईने, बहिणीने, नवऱ्याने, शेजारच्या पालाच्या बाईने. कपाने, जमेल तसं, थोडं थोडं.

आधी छावण्यांमध्ये कॉलऱ्याच्या दर शंभर रोग्यांपैकी तीसेक मरत होते. या पद्धतीने तीन हजारांहून जास्त रोग्यांत मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्के झालं.

मला यात सर्वांत धाडसाचं काय वाटतं सांगू? पावडर नाही. बादली मोजायचं काम डॉक्टरांच्या हातून काढून घरच्यांकडे देणं. आणि ते चाललं, कारण इथे शरीर स्वतः मदत करतं. पाणी कमी पडलेल्या माणसाला तहान लागते. त्याला हवं तेवढं पिऊ दिलं तर तहान बराचसा हिशोब ठेवते. लाटांच्या रोग्याशेजारी रात्रभर बसणारं माणूस नव्हतं, इथे प्रत्येकाशेजारी होतं.

वैद्यकीय जगाला मात्र हे पटेना. महालनबीस यांचा अहवाल आधी नाकारला गेला आणि १९७३ साली छापून आला. पाच वर्षांनी, १९७८ मध्ये, 'लॅन्सेट'ने संपादकीयात लिहिलं, की सोडियम आणि ग्लुकोजच्या जोडीचा शोध कदाचित या शतकातली सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरेल. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

चिमूट आणि मूठ

पुडी सगळीकडे पोचत नाही. म्हणून बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० ते १९९० या दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या आणि बायकांना शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. चमचा नको, वजनकाटा नको. आणि कार्यकर्तीला पैसे किती मिळायचे? नंतर तपासणीला गेल्यावर घरच्या बाईला जेवढं आठवत असेल त्यानुसार! तिने बनवलेलं पाणी प्रयोगशाळेत तपासायचे. मला हे टेस्टिंग फार आवडलं. शिकवलं किती हे मोजायचं नाही, समोरच्याला आलं किती हे मोजायचं.

आणि आज आपल्या फ्रीजमध्ये

आता तुम्ही म्हणाल, झालं गेलं, आता पुडी आहे. पुडी आहे, पण प्रमाण विसरलं की गोष्ट पुन्हा १९६२ ला जाऊन पोचते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली ठरवलेलं प्रमाण असं आहे: एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट. सोडियमचे जितके कण, ग्लुकोजचे तितकेच. दार जोडीने उघडतं ना, म्हणून. एकूण द्रावण रक्तापेक्षा किंचित पातळ, म्हणजे पाणी आतड्यातून अंगात जातं.

बाटलीतल्या गोड सोड्यात लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि मीठ नावालाच. जुलाब झालेल्या पोराला ते दिलं तर पाणी उलट दिशेने जातं. बाजारात गोड पेयं 'ओआरएस' नाव मिरवत विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. तरी खरेदी करताना पुडी उलटी करून जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाचा उल्लेख आहे का ते बघा.

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, साखरेचे सहा सपाट छोटे चमचे, मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा. अंदाजपंचे नाही, मोजून. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, घोट घोट. मूल मलूल झालं, लघवी होईना, डोळे खोल गेले, पाणी पोटात ठरेना, तर वाट बघू नका, दवाखाना गाठा. आणि जाताना वाटेतही पाजत राहा.

आजचा भाग इथे थांबवतो. घरात कुणी अजूनही 'जुलाब लागलेत ना, मग पाणी तोडा' म्हणत असेल, तर त्यांना लीथच्या त्या म्हातारीची गोष्ट सांगा. भेटू पुढच्या भागात, तोवर पाणी पीत राहा. राम राम मंडळी!